खोटे उपदेशक ओळखावे कसे?

आषाढ-श्रावणांत पाऊस चांगला लागला, म्हणजे आमच्या रानांतील वारुळांवर सात्या उगवतात. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील मुलामुलींना त्या टोपलींत भरून घरीं आणण्याचा आनंद ठाऊक आहे. परंतु कोणतेंहि मूल पहिल्याच वर्षीं एकटें सात्या वेंचावयास जात नाहीं. आजी किंवा आई बरोबर असते, आणि ती एकेक छत्री उलटून पाहावयास शिकविते. कारण खाण्याजोग्या छत्रीसारखीच दिसणारी विषारी छत्रीहि ह्याच मातींत उगवते. विषाच्या भयानें आमचे लोक सात्या खाणें सोडून देत नाहींत, आणि दिसेल ती छत्री शिजवीतहि नाहींत. ते ओळखावयास शिकतात.

धर्माच्या बाबतींत मात्र आम्हां ख्रिस्ती लोकांची वागणूक पुष्कळदा ह्या आजीच्या शहाणपणाला सोडून असते. कोणी पांढरा झगा घालून, हातांत पवित्र शास्त्र घेऊन, प्रभूचें नांव मोठ्यानें घेत गांवांत आला, कीं तो खराच असला पाहिजे, असें आम्ही धरून चालतों. उलट, एकदां फसलेला मनुष्य सर्वच उपदेशकांना ठक समजूं लागतो. दोघेहि परीक्षा करण्याचे कष्ट टाळतात. परीक्षा करणें म्हणजे अविश्वास नव्हे. तें विश्वासाचेंच एक कर्तव्य आहे, आणि तें पाळकांपुरतें नसून लहानथोर सर्वांचें आहे, असें माझें मत आहे. तेंच ह्या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. हा लेख मुख्यत्वेंकरून ख्रिस्ती मंडळीविषयीं असला, तरी ठकबाजी ही कोणत्याहि एका धर्माची मिरास नाहीं; तेव्हां इतर पालकांनींहि तो परका समजूं नये.

प्रथम कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली एक गोष्ट सांगतों. माणसांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. तेंदूपत्त्याचा हंगाम संपून मजुरीचे पैसे लोकांच्या हातीं आले होते. अशा वेळीं रानांतल्या एका वस्तींत एक फिरता उपदेशक आला. त्याची वाणी गोड होती. तो तीन आठवडे राहिला, आणि रोज रात्रीं सभा भरवी. देवाच्या कामांत पैशाचें बीं पेरा, म्हणजे शंभर पटीनें परत मिळेल, असें तो सांगे. आणि मग पेटी फिरे. त्याचें दुसरें सांगणें असें कीं, ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला औषधाची गरज नाहीं; गोळी घेणें म्हणजे प्रभूवर संशय घेणें होय. त्या वस्तींतील, आमच्या शाळेंत शिकणारा एक मुलगा सुटींत घरीं होता. त्याला हिवताप आला. आशाताईनें बोट टोंचून रक्त तपासलें आणि गोळ्या दिल्या. इतक्यांत उपदेशकानें मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तासाभरांत मुलाला दरदरून घाम सुटला व ताप उतरला. सभेंत जयघोष झाला, आणि गोळ्या चुलींत गेल्या. तिसऱ्या दिवशीं ताप परत आला, आणि ह्या खेपेस मुलगा बरळूं लागला. घरच्यांचा विश्वास कमी पडला, असा उपदेशकानें निकाल दिला. बाप खालीं मान घालून बसला. परंतु आईनें मुलाला खाटेवर घातलें, आपल्या दोघां भावांच्या खांद्यावर ती खाट दिली, आणि रातोरात आरोग्य केंद्र गांठलें. मुलगा वांचला. पुढें मी समाचाराला गेलों तेव्हां ती माउली एवढेंच म्हणाली, "गुरुजी, दवाई बी देवानंच देल्ली ना?"

आतां माझी लाज सांगतों. त्याच आठवड्यांत त्या उपदेशकाच्या एका सभेला मी बसलों होतों. त्याचें बोलणें शास्त्राला धरून नाहीं हें मला कळत होतें. परंतु प्रभूचें नांव घेऊन बोलणाऱ्याला भर सभेंत कसें अडवावें, ह्या संकोचानें मी गप्प राहिलों. त्या माउलीला सहीपुरतेंच अक्षर येत होतें. मी शिक्षक होतों. परीक्षा तिनें केली.

मुलाच्या त्या घामाचें रहस्य वरच्या वर्गांतील मुलांना सहज समजेल. हिवतापाचे सूक्ष्म परजीवी तांबड्या रक्तपेशींत वाढतात. त्या पेशी एकदम फुटल्या म्हणजे हुडहुडी भरून ताप चढतो, आणि कांहीं तासांनीं घाम सुटून तो आपोआप उतरतो. पुष्कळ वेळां हा क्रम एक दिवसाआड चालतो. तेव्हां ताप उतरण्याच्या घटकेस डोक्यावर कोणाचाहि हात असता, किंवा कोणाचाच नसता, तरी घाम सुटलाच असता. महाराष्ट्रांत हिवतापानें गडचिरोली जिल्ह्याला फार छळलें आहे, आणि येथें आढळणारा फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूवर जाऊन थोडक्या वेळांत प्राण घेऊं शकतो. ज्या प्रदेशांत दवाखाना दूर आणि मृत्यु जवळ असतो, तेथें चुकीचा उपदेश ही केवळ मतांची गोष्ट राहत नाहीं.

खोटा उपदेशक कोण हें ठरविण्यापूर्वीं, खोटा कोण नव्हे हें सांगितलें पाहिजे. जो आपल्या पंथाचा नाहीं तो खोटा, ही समजूत फार पसरली आहे, आणि ती घातक आहे. आपल्या चांद्याच्याच परिसराकडे पाहा. येथें स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चच्या मिशननें काम केलें. १९६२ सालीं केरळांतील सीरो-मलबार चर्चनें चांदा येथें आपलें धर्मक्षेत्र स्थापिलें, आणि १९७७ सालीं त्याचा धर्मप्रांत झाला. कोणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, कोणी जाणत्या वयापर्यंत थांबतात. कोणी छापील प्रार्थना म्हणतात, कोणी आपल्या शब्दांत करितात. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं ह्याच विदर्भांत, नागपूर येथें, सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. बाप्तिस्म्यासारख्या विषयावर मतभेद असतांहि त्यांनीं एकमेकांना खोटें ठरविलें नाहीं. त्याचप्रमाणें अल्पशिक्षित, अडखळत बोलणारा, एखादा दाखला चुकविणारा ग्रामोपदेशकहि खोटा नव्हे. चूक दाखविल्यावर ती मान्य करितो तो चुकलेला. चूक दाखविणाऱ्यालाच जो शाप देतो त्याच्यापासून सावध राहावें.

आतां पारख कशी करावी तें पाहूं. माझ्या मतें चार कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी ग्रंथाची. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत बिरुया गांवच्या लोकांची हकीकत आहे. पौलासारखा प्रेषित त्यांना उपदेश करीत असतां त्यांनीं तो आनंदानें ऐकला. परंतु तो सांगतो तसेंच शास्त्रांत आहे कीं काय, हें ते रोज स्वतः उघडून पाहत असत. ह्याबद्दल लूकानें त्यांना दोष दिला नाहीं, तर त्यांना अधिक थोर मनाचे म्हटलें. जर पौलाची परीक्षा करणें योग्य, तर आजच्या कोणत्या उपदेशकाची परीक्षा अयोग्य ठरेल? आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं हाच धडा घालून दिला. बाप्तिस्मा घेतल्यावरहि त्यांनीं आपल्या विलायतेंतील गुरुजनांचें प्रत्येक मत डोळे मिटून स्वीकारिलें नाहीं. स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीनें वाचण्याचा व विचारण्याचा हक्क त्यांनीं राखिला. पुढें इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. हेतु हा कीं, खेड्यांतील साध्या बाईलाहि तें वाचून समजावें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या, आणि १९२४ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यांतून तें भाषांतर प्रसिद्ध झालें. जिला स्वतः वाचतां येतें तिला फसविणें कठीण जातें. म्हणून जो उपदेशक एकच वचन मागचापुढचा संदर्भ तोडून वारंवार उगाळतो, किंवा आपलें स्वप्न शास्त्राहून वरचढ आहे असें भासवितो, त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसावें. खरा उपदेशक त्यानें आनंदित होईल.

दुसरी कसोटी पैशाची. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न आपल्याइतकाच भेडसावीत होता. बारा प्रेषितांची शिकवण ह्या नांवाचें एक फार प्राचीन पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ सालीं फिलोथिओस ब्रायेनिओस ह्या ग्रीक धर्माधिकाऱ्याला कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली, आणि १८८३ सालीं ती छापली गेली. त्यांत फिरत्या उपदेशकांविषयींचे नियम मोठे व्यावहारिक आहेत. पाहुणा आला तर त्याचें प्रभूप्रमाणें स्वागत करावें. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघतांना त्यानें पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या नांवानें स्वतःसाठीं द्रव्य मागणाऱ्याचें ऐकूं नये. दुसऱ्या गरजूंसाठीं मागितलें तर त्याला दोष देऊं नये. हें वाचतांना मला आमच्या त्या तीन आठवड्यांच्या पाहुण्याची आठवण झाली. पौलानें करिंथांत तंबू शिवून आपलें पोट भरिलें. ह्याचा अर्थ पाळकाला वेतन नसावें असा नाहीं. श्रम करणाऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. परंतु वेतन ठरलेलें असतें, त्याचा हिशेब असतो, आणि तो सर्वांसमोर वाचला जातो. देवाच्या आशीर्वादाचा दर ठरविणें ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या धानाच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको कीं, बीं ज्याच्या बांधींत पडतें, पीक त्याच्याच घरीं जातें.

तिसरी कसोटी देहाची. खरी शिकवण दुःखिताला औषधाकडे नेते. खोटी त्याला तेथून परतविते. तिसरें शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, असें पौलच कलस्सैकरांस लिहितो. मिरज येथें १८९४ सालीं डॉक्टर वानलेस ह्यांनीं रुग्णालय उघडलें, तें प्रार्थना आणि शस्त्रक्रिया ह्यांत वैर आहे अशा समजुतीनें नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेनें ३९ गांवांतील साध्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें. १९९० नंतरच्या त्या दशकांत तेथील नवजात बालकांचे मृत्यु दर हजारीं सुमारें ६२ होते, ते २५ च्या आसपास उतरले. ज्या बायकांनीं हें केलें त्यांनीं आपला देव टाकिला नव्हता. त्यांनीं हात धुण्यास, बाळाला ऊब देण्यास आणि वेळेवर औषध देण्यास आरंभ केला होता. प्रार्थना अवश्य करावी. आजाऱ्याच्या उशाशीं बसून केलेली प्रार्थना मनुष्याला फार बळ देते, हें मीं पाहिलें आहे. परंतु प्रार्थना आणि गोळी ह्यांपैकीं एकच निवड, असें जो म्हणतो, तो दोहोंचाहि अपमान करितो.

चौथी कसोटी भयाची. खोटा उपदेशक हळूहळू माणसाला एकटें पाडतो. प्रथम इतर मंडळ्यांपासून, मग नातलगांपासून, मग शाळेपासून आणि सरकारी माणसांपासून तो त्याला तोडतो; शेवटीं विचारावयाला कोणीच उरत नाहीं. २०२३ सालीं आफ्रिकेंतील केनिया देशांत शाकाहोला नांवाच्या रानांत जें उघडकीस आलें, त्यानें सारें जग हादरलें. एका उपदेशकाच्या मागें लागून कित्येक कुटुंबें त्या रानांत जाऊन राहिलीं होतीं. उपास करून मरण आलें म्हणजे प्रभूची भेट होते, असें त्यानें शिकविल्याचा आरोप आहे. तेथील खड्ड्यांतून चारशेंहून अधिक प्रेतें काढण्यांत आलीं, आणि त्यांत पुष्कळ लहान मुलें होतीं. हाच मनुष्य त्यापूर्वीं मुलांना शाळेंत पाठवूं नका असें सांगत असल्याबद्दल पोलिसांच्या नजरेस आला होता. त्यावर खटले भरण्यांत आले. परंतु गेलेलीं मुलें कोणत्या न्यायालयानें परत द्यावीं? आमच्या पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: जो मुलाची शाळा सोडवितो, तो पुढें त्याचें आणखी काय सोडविणार आहे, हें सांगतां येत नाहीं.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. देवाच्या अभिषिक्ताला हात लावूं नये, असें शास्त्रांत आहे. मग सेवकाची चौकशी आम्ही कोण करणार? तें वचन दाविदाच्या तोंडीं कोणत्या प्रसंगीं आलें तें पाहावें. शौल राजाला ठार मारण्याची संधि आली असतां दाविदानें तलवार आवरली. शौलाच्या अन्यायावर त्यानें पांघरूण घातलें नाहीं. दावीद स्वतः अभिषिक्त राजा होता, तरी नाथान संदेष्ट्यानें त्याच्या पापाचें माप त्याच्या पदरांत घातलें. अंत्युखियांत पेत्र चुकला, तेव्हां पौलानें त्याला तोंडावर विरोध केला, असें तोच गलतीकरांस लिहितो. दुसरा आक्षेप चमत्कारांचा. अनुवादाच्या तेराव्या अध्यायांत मोशेनें सांगून ठेविलें आहे कीं, एखाद्याचें चिन्ह खरें ठरलें तरी तो लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचें ऐकूं नये. प्रभूनेंहि फळांवरून ओळखावयास सांगितलें. फळ एका रात्रींत पिकत नाहीं. म्हणून उपदेशकाला एका सभेवरून जोखूं नये, वर्षभर पाहावें.

परंतु ओळखल्यावर धिक्कारावें कसें, हा प्रश्न ओळखण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत जिवती तालुक्यांतील एका गांवीं २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर गांवांत बांधून मारहाण झाली. मारणाऱ्यांनाहि आपण गांवाचें रक्षण करीत आहों, असेंच वाटत होतें. संशय हा पुरावा नव्हे आणि जमाव हा न्यायाधीश नव्हे. खोट्या उपदेशकाचा निषेध करितांना आपण त्याच वाटेला गेलों, तर आपल्यांत आणि त्याच्यांत अंतर तें काय राहिलें? मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें दिलेला क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आधीं एकांतांत जाऊन बोलावें. मग दोघातिघांना साक्षीस घ्यावें. तरीहि ऐकलें नाहीं तर मंडळीपुढें आणावें. तेथेंहि न ऐकल्यास संबंध तोडावा. त्यांत काठी कोठेंच नाहीं.

जेथें कायद्याचा भंग होतो तेथें मात्र मंडळीनें आपली अब्रू झांकण्यासाठीं गप्प बसूं नये. डिसेंबर २०१३ मध्यें महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं डॉक्टर नरेंद्र दाभोलकर ह्यांची पुण्यांत हत्या झाली होती. त्यांनीं ह्या कायद्यासाठीं कित्येक वर्षें खटपट केली होती. चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणें व पैसा मिळविणें, साप किंवा विंचू चावलेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्र घालणें, हे ह्या कायद्यानें गुन्हे ठरविले असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. हा कायदा कोणाच्या प्रार्थनेच्या आड येत नाहीं. आणि तो सर्व धर्मांच्या लोकांस सारखाच लागू आहे. तेव्हां त्याचें भय खऱ्या सेवकाला बाळगण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापुरतें काय करावयाचें तें थोडक्यांत सांगतों. तुमच्या घरांत पुष्कळदा वाचतां येणारे तुम्हीच पहिले असतां. सभेंत जें वचन सांगितलें गेलें तें घरीं येऊन आईबापांना व आजीला वाचून दाखवा, आणि त्याच्या मागचीं व पुढचीं दहा वचनेंहि वाचा. औषध टाकण्याचा, शाळा सोडण्याचा, किंवा घरापासून कांहीं लपवून ठेवण्याचा उपदेश कोणी केला, तर तो कितीहि मोठा असो, त्याच दिवशीं आईबापांस किंवा शिक्षकांस सांगा. पालकहो, मुलानें असा प्रश्न आणला तर त्याला उद्धट म्हणून गप्प करूं नका. प्रश्न विचारणारें मूल ही घराची राखण आहे. आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांस विनंति कीं, पाहुण्या उपदेशकाला वेदीवर उभें करण्यापूर्वीं तो कोणाकडून आला हें पत्र लिहून विचारावें, आणि वर्षाचा जमाखर्च सर्वांपुढें वाचावा.

शेवटीं एक गोष्ट. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा याकोबाच्या पत्रांत आहे, आणि तो शाळेंतल्या शिक्षकालाहि लागू आहे असें मी समजतों. म्हणून ह्या लेखांत मीं जें लिहिलें तेंहि कोणीं माझ्या शब्दावर विसंबून मानूं नये. दाखले दिले आहेत. ते उघडून पाहावे. कोठें चुकलों असेन तर दाखवावें, मी आभारी होईन. त्या रात्रीं जो मुलगा खाटेवरून रानवाट तुडवीत आरोग्य केंद्रांत पोंचला, तो पुढें आमच्याच शाळेंतून परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या वर्गांत एक बाक रिकामा राहिला असता, आणि त्यांत माझ्या मौनाचाहि वांटा असता. पुन्हां तसा प्रसंग आला तर मी सभेंत उभा राहीन, असें मीं प्रभूपुढें ठरविलें आहे. तुम्हीहि आपल्या मनाशीं कांहीं ठरवावें, एवढीच ह्या लेखकाची इच्छा आहे.